कादरचाचांची बुर्जी

शेवगावातले आमचे कादरचाचा घड्याळं दुरुस्त करतात, आणि ऑनलाइन बुद्धिबळातले निम्मे डाव वेळ संपली म्हणून हरतात. हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो. शेजारी माझं झेरॉक्स-मोबाईलचं दुकान आहे, त्यांच्या फोनमध्ये ते ॲपही मीच टाकून दिलं, त्यामुळे तेवढा हक्क मला आहे.

"अमृत, लोकांची घड्याळं मी बघतो. माझं कोन बघायचं?" असं म्हणून ते पुढचा डाव लावतात.

चाचा मुळात पटावरचे खेळाडू. दुकानासमोरच्या लाकडी बाकावर ते आणि अजिनाथ गुरुजी रोज चार वाजता पट मांडून बसायचे. अठ्ठावीस वर्षं. गुरुजींची सायकल शटरला टेकलेली दिसली की गिऱ्हाईक समजून घ्यायचं, आता घड्याळ उद्या मिळणार. खेळ देशी नियमांचा, आणि त्यात एक गंमत होती. समोरच्याचं सगळं सैन्य मारून नुसता राजा उरवला, तर तुम्ही जिंकत नाही. त्याला बुर्जी म्हणायचं, डाव बरोबरीत सुटला. म्हणून जिंकणारा माणूस समोरच्याचं शेवटचं प्यादं जपून ठेवायचा आणि मग मात करायचा.

दोन वर्षांपूर्वी गुरुजींना त्यांच्या मुलानं, करणनं, पुण्याला नेलं. बाक राहिला. त्यावर आता गिऱ्हाइकं बसतात, दुपारी एक कुत्रं झोपतं. पण चार वाजले की चाचा डोळ्यावरचं भिंग काढून रस्त्याकडे बघतात. दुकानात चाळीस घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. यांना नेमके चार कुठून कळतात, देव जाणे.

एकदा ते पुण्याला जाऊनही आले. परत आल्यावर म्हणाले, "चौथा मजला, मऊ सोफा. मानूस त्यात बुडतो रे, चालच सुचत न्हाई."

म्हणून ॲप. पहिले सहा महिने चाचांनी जिंकलेले डाव घालवले, कारण शेवटचं प्यादं ते मारायचेच नाहीत. एका ब्राझीलवाल्याचं प्यादं इतक्या मायेनं सांभाळलं, की ते पार शेवटच्या घरात जाऊन वजीर झालं आणि चाचांवरच मात करून गेलं.

"चाचा, इथं बुर्जी नसते! मारा ना त्याला!"

"हात उचलत न्हाई."

चाचांचं रेटिंग नऊशेवर घुटमळत होतं, तिकडे गुरुजी फ्लॅटमध्ये बसल्या बसल्या सोळाशेला पोचले. दर रविवारी चार वाजता दोघांचा डाव असायचा. चाचा हरायचे, मग फोन.

"कादर, तुझ्यामाझ्यात सातशेचं अंतर आहे."

"आसू द्या. तुमी येता कवा?"

"तू मला इथं एकदा हरव. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत बसतो, आणि चारचा चहा बाकावर."

"शब्द?"

"मास्तरचा शब्द."

त्या दिवसापासून चाचा बदलले. आपल्याहून वरच्यांशीच खेळायचं, असं ठरवलं. रोज सकाळी दुकान उघडून, उदबत्ती लावून ते कुणातरी चौदाशेवाल्याकडून मार खायचे. समोरचा बरोबरी मागायचा, चाचा नाकारायचे आणि हरायचे. "बरोबरी घिऊन गुरुजी यायचे न्हाईत," म्हणायचे. हळूहळू रेटिंग अकराशे झालं, बाराशे झालं. एका पंधराशेवाल्याला हरवलं, तेव्हा मला तो डाव कागदावर छापून द्यावा लागला. काळापांढरा निघाला म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळी.

दिवाळीत गुरुजींच्या नातीचा, दिशाचा, मला फोन आला. गुरुजी बाथरूममध्ये पडले होते. आता वॉकर. "कादरआजोबांना सांगू नका म्हणालेत," ती म्हणाली. मी नाही सांगितलं. पण त्यानंतर दर रविवारी चाचाच हरावेत, असं मला वाटायचं. कारण गुरुजींना मी ओळखतो. हरले असते तर वॉकर घेऊन एसटीच्या पायऱ्या चढले असते.

आणि गेल्या रविवारी ते हरायला लागले. एक घोडा फुकट गेला, मग उंट. शेवटी चाचांचा राजा आणि हत्ती. गुरुजींचा राजा आणि एक प्यादं. ते प्यादं हत्तीच्या तोंडात. तेवढ्यात पडद्यावर आलं: समोरच्यानं बरोबरी मागितली आहे.

चाचा थांबले. बरोबरी मागणं म्हणजे परीक्षेत शेजाऱ्याच्या वहीत बघणं, हे गुरुजींचं जुनं म्हणणं. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एकदाही मागितली नव्हती.

"अमृत," चाचा फोनवरची नजर न काढता म्हणाले, "गुरुजींना चालता येतंय ना?"

माझ्या दुकानातलं झेरॉक्सचं मशीन उगाच बंद करायला उठलो.

"तुला ठावं हुतं."

"नका सांगू म्हणाले होते."

चाचांनी हत्ती उचलला आणि ते प्यादं मारलं. मी ओरडलोच, "जिंकलात! आता नुसती मात करायची!" चाचांनी गुरुजींच्या चालीची वाट बघितली नाही. पडद्यावर शोधून शोधून बरोबरीचं बटण दाबलं. आता मागणारे ते होते.

गुरुजींचं घड्याळ पळायला लागलं. चार मिनिटं होती, तीन झाली, दोन. चाळीस सेकंद उरले असताना बरोबरी मान्य झाली. लगेच फोन वाजला.

"कादर, प्यादं का मारलंस?"

"चुकून. बुर्जी झाली बगा."

"इतक्या वर्षांत कधी चुकला नाहीस."

"वय झालं, गुरुजी."

मग गुरुजी म्हणाले, "पुढच्या रविवारी?"

"चारला. पर नीट बसा, सोडनार न्हाई."

फोन ठेवल्यावर मी सांगितलं, वरच्याशी बरोबरी केली म्हणून रेटिंग सहानं वाढलं. चाचांनी न ऐकल्यासारखं केलं. भिंग पुसत बाकाकडे बघत राहिले. कुत्रं वळून झोपलं होतं.

"अमृत, हा बाक त्या फ्लॅटच्या लिफ्टमदी बसल का रे?"

मी कुत्र्याला उठवलं आणि बाक वितीनं मोजायला घेतला.