मी बंद करायला लावलेल्या गोळ्या

आदिलाबादजवळच्या इचोड्याच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत उपासनेला पेटी वाजवणाऱ्या एक शाळेतल्या बाई होत्या. एकट्या राहायच्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना ताई म्हणत असे. मी तेव्हा चर्चच्या महिला मंडळाची चिटणीस होते आणि स्वतःच्या विश्वासाचा मला जरा जास्तच अभिमान होता.

एका वर्षी ताईंना नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू यायला लागले. शिकवता शिकवता त्या थांबत आणि कुणाला तरी उत्तर देत. पाळकबाईंनी, म्हणजे आमच्या पाळकांच्या पत्नींनी, त्यांना बसने आदिलाबादला डॉक्टरकडे नेलं. गोळ्यांनी आवाज थांबले, पण बोटं थरथरू लागली. एका शुक्रवारी प्रार्थनेनंतर त्यांनी मला विचारलं, "या गोळ्या कधीलोक घ्याच्या? अजून किती दिवस?"

मला काय कळत होतं? तरी म्हणाले, "देवानं बरं केलं न, मग गोळ्या काऊन घेऊन राह्यल्या? विश्वास ठेवा."

त्यांनी ठेवला.

महिन्याभरात त्यांनी शाळेत जाणं सोडलं, दाराला आतून कडी लावली. जेवणात विष आहे, असं आवाज सांगत होते. पाळकबाई आणि मी खिडकीशी बसून दोन तास बोलत राहिलो, तेव्हा कुठे कडी निघाली.

"दवा किसने बंद कराई?" आम्ही आदिलाबादला नेल्यावर डॉक्टरांनी विचारलं.

"मैंने ही," ताई खाली बघत म्हणाल्या.

उपाशी राहून वाळलेली ती बाई मला पाठीशी घालत होती. मला राहवेना. "मैंने कहा था," मी म्हणाले. डॉक्टर रागावले नाहीत. गोळ्यांच्या वेळा लिहिलेला कागद त्यांनी माझ्याच हातात दिला.

ताईंना विचारून मी रविवारी मंडळीसमोर सगळं सांगितलं. एक वडीलधारे उठून म्हणाले, "म्हणजे आपली प्रार्थना कमी पडली काय?"

पाळक म्हणाले, "प्रार्थना चालूच राहीन. गोळ्याबी चालू राहतीन."

मग आम्ही बायकांनी पाळी लावून घेतली. रोज एकीने भाजी-भाकरी न्यायची, ताईंसमोर त्याच ताटातला पहिला घास आपण खायचा, मग त्या खात. दोन घरांनी मात्र आपली मुलं त्यांच्याकडे शिकवणीला पाठवणं बंद केलं, ते कायमचंच. त्यांना आम्ही समजावू शकलो नाही.

ताई सावकाश सावरल्या, शाळेत परतल्या. पुढे दुखणं दोनदा उलटलं, पण तेव्हा त्या स्वतःच पाळकबाईंना सांगायला गेल्या.

बऱ्याच दिवसांनी मी धीर करून विचारलं, "ताई, माहा राग नाही आला तुमाले?"

"आला न," त्या भाजी निवडत म्हणाल्या. "लय आला. पण तू रोज डबा घेऊन येत होती. तुह्याशी अबोला धरला असता, तं बोलली कोनासंग असती?"