यंत्रमिर्झांचं उष्टं सफरचंद

आमच्या आल्माटीकडे सुनेनं सासरच्या माणसांची नावं तोंडात घ्यायची नसतात. मग ज्याला त्याला टोपणनाव द्यायचं. धाकट्या दिरांना मी लग्नाच्या तिसऱ्याच दिवशी 'यंत्रमिर्झा' करून टाकलं, कारण त्या दिवशी त्यांनी माझ्या आहेरातला रेडिओ उघडून दस्तरखानावर, बाउरसाकांच्या, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांच्या शेजारी, ओळीनं मांडून ठेवला होता. त्याला छत्तीस वर्षं झाली. रेडिओ अजून जोडायचा आहे.

यंत्रमिर्झांनी लग्न केलं नाही. अपा, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात, "केलंय की. त्या डबड्याशी." डबडं म्हणजे उष्ट्या सफरचंदाचं चिन्ह असलेला जुना संगणक. भूगर्भ खात्यात ते यंत्रं दुरुस्त करायचे, तेव्हा एक परदेशी साहेब आल्माटी सोडून जाताना तो त्यांना देऊन गेला. पावाच्या पेटीएवढा, मातकट, मागे डोक्यावर उचलायला मूठ. चालू केला की पडद्यावर चिमुकला हसरा चेहरा येतो. "या घरात मला बघून हसणारं एवढं एकच आहे," असं ते अपांना ऐकवतात. अपा म्हणतात, "त्याला अजून तू कळला नाहीस."

पुढे त्याच कंपनीची आणखी दहा यंत्रं फळीवर आली. मी रोज 'बिस्मिल्लाह' म्हणून त्यांच्यावरची धूळ पुसते आणि रोज तेच प्रवचन ऐकते. "वहिनी, मूठ बघा. हे यंत्र भटक्यांसाठी केलंय. तंबू उचलला, मूठ धरली, निघालं! आणि ही नवी पातळ यंत्रं म्हणजे नव्या सुना. दिसायला गोड, पण पोटातलं काही कळू देत नाहीत."

"माझ्या पोटातलं कळलं तर जेवायला मिळणार नाही, भावोजी."

चिन्हाबद्दल तर त्यांना ठाम मतं. सफरचंद आमचं, आमच्या डोंगरातलं. जगातल्या सगळ्या सफरचंदांचं माहेर इथलं. म्हणजे कंपनी आमची लेक झाली की नाही? वरच्या मजल्यावरची झोया म्हणाली होती की तो चावा म्हणजे आदमचं पाप. मी म्हटलं, कुराणात त्या झाडाचं नाव दिलेलं नाही, उगाच सफरचंदाला बदनाम करू नका. यंत्रमिर्झांनी दोघींना गप्प केलं. "पाप कसलं? सरकित आहे ते!"

सरकित म्हणजे मोठ्यांच्या पानातलं उरलेलं, पाहुण्याला बांधून द्यायचं. त्यात बरकत असते, म्हणून ते नाकारायचं नसतं. "कुणीतरी थोर माणसानं पहिला घास घेतला," ते म्हणाले, "आणि बाकीचं आपल्यासाठी ठेवलं. एवढं साधं आहे." अख्ख्या सिद्धांतात मला पटलेली एवढीच गोष्ट.

गेल्या गुरुवारी शिमकेंतहून भाच्याचा फोन आला. दौलेतकाली, आमच्या नणंदेचा मुलगा, दुसऱ्या घराण्यातला म्हणून नाव घेता येतं, पंचेचाळीस वर्षांचा, टायरचं दुकान, पोट आधी घरात येतं आणि तो नंतर. शनिवारी येतो म्हणाला. फोन ठेवताना यंत्रमिर्झा पांढरेफटक पडले.

"वहिनी, त्याचं तिसरं मागणं शिल्लक आहे."

भाच्यानं आजोळी तीनदा मागावं आणि आजोळानं नाही म्हणू नये, हा रिवाज. पंधराव्या वर्षी त्यानं शिंगरू नेलं. लग्नात माझं शिवणयंत्र नेलं. ते मी अल्लाहवर सोडलंय, पण विसरले नाही. आता तिसरं. आणि भाच्याला दुखावलं की मामाचा हात थरथरायला लागतो, हे तर सगळेच जाणतात. ज्याचं आयुष्य सोल्डरिंगवर गेलं, त्यानं थरथरत्या हातानं काय करायचं?

"द्यावा तर तो गेला. न द्यावा तर हात गेला," असं पुटपुटत त्यांनी डबडं माझ्या रजयांच्या चळतीत खुपसलं. मी नमाजी बाई, खोटं बोलणार नव्हते. पण रजयांना कोण विचारतं?

अपांनी मलाच विचारलं. "पाहुण्याला रजई काढून देताना काय करशील, ओरिनताय? त्यालाही पांघरूण घालशील?" डबडं परत फळीवर आलं.

शनिवारी दौलेतकालीनं घोड्याचं मांस रेटून खाल्लं, सहा वाट्या चहा घेतला आणि ढेकर दिला. "मामा, तिसरं मागायला आलोय."

यंत्रमिर्झांच्या हातातली वाटी तेव्हाच थरथरली. भाच्याची नजर फळीवरून फिरली. मुठीच्या यंत्रावर आली. थांबली. पुढे गेली.

"तो पातळ द्या. पोरगी कॉलेजात जातेय."

"पातळ? घे, घे! आत्ता घे!" मग यंत्रमिर्झांनी मुठीच्या यंत्रावर हात ठेवला. "आणि हा नको?"

"हा कशाला? दुकानाचं दार अडवायला?"

सगळे हसले, अपा सगळ्यांत जोरात. यंत्रमिर्झांचे कान मात्र लाल झाले. वाचलेला माणूस इतका चिडलेला मी पाहिला नव्हता.

दुपारी पाहुणा निघाला. मी मांस, बाउरसाक आणि चार सफरचंदं असं सरकित बांधून गाडीत ठेवलं. एवढ्यात यंत्रमिर्झा जिना उतरून आले, हातात मूठ, मुठीखाली डबडं.

"हेही सरकित. नाही म्हणता येत नाही."

"मामा, अहो, गाडीत जागा—"

"दार अडवायला ठेव! मग कळेल काय आहे ते!"

"घे बाबा," अपा वरून, खिडकीतून ओरडल्या. "सरकित टाकून जाशील तर वाटेत गाडी बंद पडेल!"

दौलेतकालीनं ते मागच्या सीटवर ठेवलं आणि पट्टा बांधला. गाडी वळणाआड गेली. यंत्रमिर्झांचा हात अजून वर होता, अगदी स्थिर.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "त्यानं मागितलंच नव्हतं."

अपा खिडकीतूनच म्हणाल्या, "मागितलं असतं तर रडून दिलं असतंस. ऐटीत दिलंस, आता रड."

तीन दिवस त्यांनी फळीकडे पाठ करून चहा घेतला. मीही मोकळ्या जागेची धूळ पुसत राहिले, का ते विचारू नका. आज सकाळी फोन वाजला.

"मामा, पोरीनं चालू केला. पडदा उजळतोय, पण तो हसत नाहीये."

"हसत नाही!" यंत्रमिर्झा असे ओरडले, जणू सासरी दिलेल्या लेकीनं अन्न सोडलंय. "कुणी हात लावू नका! मी येतोय!" तासाभरात त्यांची हत्यारांची पिशवी दारात. मी वाटेसाठी सफरचंदं दिली. एकाचा मोठा घास घेऊन उरलेलं त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. सरकित, नाकारता येईना.

"भावोजी, परत आल्यावर माझा रेडिओ?"

"आल्या आल्या, वहिनी," असं म्हणत ते जिना उतरलेसुद्धा.