सातवर खेळत असलेला

मैदान साठ वर्षांचं होतं आणि ते बघायला येणाऱ्यांना त्याचा इतिहास सांगायला तिला पाऊण तास मिळत असे. त्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना यायचा, ज्याच्या आदल्या दिवसापर्यंत प्रेक्षकांच्या बाकांना पाठी बसवल्या नव्हत्या. सगळ्यात कमी धावसंख्या यायची, जी दुर्दैवाने यजमानांचीच होती. आणि रस्त्यापलीकडच्या दातांच्या दवाखान्याची काच फोडणारा षटकार यायचा. डॉक्टरांनी ती काच बदलली नाही, उलट ते रोग्यांना आधी भोक दाखवून मग दाढ काढायला लागले, असं ती सांगायची तेव्हा लोक हसत. हे खरं होतं. तिच्या सांगण्यातलं जवळजवळ सगळं खरं असायचं.

तिला सगळे गाईडबाई म्हणत. वय चाळिशीच्या पुढे. लग्नाचा योग आला तेव्हा मैदानावर कसोटी चालू होती. कसोटी अनिर्णित राहिली आणि योगही. मैदानामागच्या गल्लीत, मोठ्या स्टँडच्या सावलीत दोन खोल्या होत्या. तिथे ती आणि तिचे वडील.

अप्पा या मैदानाचे पहिले स्कोअरर. क्लबाच्या जुन्या वह्यांना वाळवी लागली तेव्हा कमिटीने हळहळ व्यक्त केली, चहा घेतला आणि अप्पांना बोलावणं धाडलं. तेव्हापासून मैदानाच्या पहिल्या वीस वर्षांचे विक्रम म्हणजे अप्पांना जे आठवतं ते. आणि अप्पांना सगळं आठवायचं. "वाळवीने पुठ्ठे खाल्ले, बेरजा नाही खाल्ल्या," ते म्हणत. म्हातारा सकाळी जेवला की नाही ते विसरेल, पण कोण कितीवर पायचीत झाला ते विसरणार नाही, अशी गल्लीत ख्याती होती. त्या ख्यातीवरच ते जगत होते. बाकी त्या वयात जगायला फारसं काही उरत नाही.

गोंधळ सुरू झाला ड्रेसिंग रूममध्ये. तिथल्या भिंतीवर अकरा खुंट्या होत्या आणि प्रत्येकीखाली पितळी पट्टीवर एकेका नावाजलेल्या खेळाडूचं नाव. शेवटच्या खुंटीची पट्टी पडली होती. सुतार 'उद्या येतो' म्हणून गेला होता आणि सुतारांचा उद्या सगळ्यांना ठाऊकच असतो. एका दुपारी कुणीतरी विचारलं, "ही कुणाची?" सुताराची गोष्ट सांगायची तिला लाज वाटली.

"ही कुणाचीच नाही," ती म्हणाली. "एकदा धुक्यात सामना चालू होता. शेवटचा खेळाडू इथून उठून फलंदाजीला गेला. त्याने सात धावा काढल्या. मग धुकं इतकं दाटलं की सामनाच सोडून दिला. सगळे परत आले, तो आला नाही. बाद नाही, परतही नाही. अजून सातवर खेळतोय."

एका बाईने पर्स पोटाशी घट्ट धरली. धुकं कुठून सुचलं आणि सातच का, हे तिचं तिलाही कळलं नाही. बाहेर तर लख्ख ऊन होतं.

झालं. खरा इतिहास ऐकताना जांभया देणारी माणसं त्या खुंटीपाशी फोटोसाठी रांग लावू लागली. गोष्ट मैदान दाखवायच्या सहलीत कायमची शिरली. लवकरच एका म्हाताऱ्याने सांगितलं, "मी होतो त्या दिवशी." तिने मान डोलावली. पहिल्या सामन्याला आपण हजर होतो असं सांगणारी माणसं तिला इतकी भेटली होती की मैदान तीनदा भरलं असतं. आणखी एक आठवणारा वाढला, एवढंच.

मग झाडूवाली मावशी आली. "बाई, त्या खुंटीखाली रोज पाणी साचतंय. तुमच्या त्या भुताला सांगा, टोपी बाहेर पिळून येत जा म्हणावं." प्लंबर बोलावला. त्याने भिंतीला कान लावला, ठोकून पाहिलं आणि या भिंतीतून नळच जात नाही असं सांगून यायचे पैसे मागितले.

त्यानंतर खेळपट्टी राखणारा माळी चिडून आला. सामना नसलेल्या दिवशीही क्रीझवर, फलंदाज उभं राहायची जागा ठरवायला बुटाने ओढतो तशी गार्डची रेघ उमटत होती. "पोरं शिरत असतील," ती म्हणाली.

"पोरं शिरली तर गवत तुडवतील की. येण्याजाण्याची पावलंच नाहीत, नुसती रेघ. आणि डावखुऱ्याची आहे, बाई. उभं राहायची जागा बघा ना."

तिने कुणाला डावखुरा म्हटलं नव्हतं. त्या दिवशी तिने गोष्ट जरा घाईने सांगितली.

अशात क्लबाचे सेक्रेटरीसाहेब घरी आले. साठीनिमित्त मैदानाच्या दाराशी काळ्या दगडाची भिंत उभी राहणार होती, आणि पहिल्यापासूनचे सगळे संघ आणि विक्रम तिच्यावर कोरायचे होते.

"नीट आठवून सांगा हं अप्पा. दगडावर खोडरबर चालत नाही," ते अप्पांच्या कानाशी ओरडले.

"माझ्या कागदावरही कधी चालला नाही," अप्पा म्हणाले आणि डोळे मिटून सुरू झाले. सामन्यामागून सामने, नावामागून नावं. ती आत चहा गाळत होती. एका संघाची दहा नावं झाली आणि अप्पा थांबले.

"अकरावा बोट मोडून इस्पितळात होता. पण खेळायला एक जण गेला. डावखुरा. सात केल्या. धुक्यात राहिला."

तिच्या हातातली गाळणी कपात पडली. ही गोष्ट तिने अप्पांना कधीच सांगितली नव्हती. सांगायची छातीच नव्हती. थाप मारणाऱ्याला अप्पा घराबाहेर काढत. ते स्वतः गेली कित्येक वर्षं गल्लीच्या टोकापलीकडे गेले नव्हते, आणि कानांनी तर कधीच निवृत्ती घेतली होती.

सेक्रेटरी मात्र खूश. "म्हणजे बाईंची गोष्ट खरी! वा! नाव काय त्याचं?"

"तेवढं राहिलंय," अप्पा म्हणाले. "उद्या सांगतो."

सेक्रेटरी गेल्यावर ती वडिलांच्या समोर बसली. कधी नव्हताच असा माणूस दगडावर कोरला जाणार होता आणि खाली अप्पांचा हवाला असणार होता. पुढेमागे कुणी हसलं, तर अप्पांची एकुलती एक मिळकत जाणार होती. आणि आत्ता खरं सांगितलं, तर उरलेलं आयुष्य ते स्वतःच्या डोक्यावर विश्वास ठेवणार नव्हते. तरी तिने सांगून टाकलं.

"अप्पा, तो माणूस मी रचलाय."

"मोठ्याने बोल."

"मी रचलाय! थाप आहे ती! पट्टी पडली होती म्हणून!"

अप्पांनी कप खाली ठेवला. "मग सात कुठून आणल्यास?"

"तोंडाला आल्या."

"धावा तोंडाला येत नाहीत, पोरी. पळून काढाव्या लागतात." त्यांनी चहा बाजूला सरकवला. "नऊ बाद झाले होते. डाव तिथेच संपायचा. पण पायऱ्या उतरून एक जण गेला. धुक्यात पांढरं काहीतरी हलताना दिसायचं, बस. डाव्या हाताने खेळत होता. आपल्या संघात डावखुरा नव्हता. मी नाव विचारायला निरोप धाडला, उत्तर आलं नाही. नावाशिवाय धाव मांडायची नाही हा माझा नियम. बाहेरच्या फलकावर सात लागल्या, माझ्या कागदावर नाही. मग खेळ थांबला. मैदानात पंधरा माणसं होती, अंपायर धरून. परत आली चौदा."

"कुणाला बोलला नाहीत?" तिने आवाज चढवूनच विचारलं.

"बोलून? मला चष्म्याचा नंबर तपासायला पाठवला असता. सामना रद्द झाला, बेरीज कुणी मागितली नाही. माझ्यापुरती मात्र ती आजतागायत जुळलेली नाही." ते पुढे वाकले. "तू लोकांना शेवटी काय सांगतेस?"

"की तो परत आला नाही."

"रोज?"

"दिवसातून तीनदा."

"अगं, मग कसा येईल? माणूस ऐकत असेल ना!"

ती हसली नाही. अप्पाही हसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सहलीला अप्पा आले. कोटाची सगळी बटणं लावून, मुलीच्या खांद्याचा आधार घेऊन. ड्रेसिंग रूममधल्या बाकावर ते मधोमध बसले. सेक्रेटरी दाराशी उभे होते, नाव टिपून घ्यायला. आज 'ही थाप होती' असं म्हटलं असतं तर अप्पा तेवढ्या माणसांसमोर म्हातारचळ लागलेले ठरले असते. तिने पाहुण्यांकडे पाठ केली, मैदानाकडच्या दाराकडे तोंड केलं आणि नेहमीची गोष्ट सांगायला घेतली. धुकं आलं. सात धावा झाल्या. सामना सोडून दिला.

"सगळे परत आले," ती म्हणाली. "आणि मग... मग तोही आला. नाबाद होता. खेळ संपलाय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आता सांगितलंय."

बाहेर ऊन तसंच होतं. सिमेंटच्या पायऱ्यांवर खिळ्यांच्या बुटांचा आवाज आला. सावकाश, थकलेल्या माणसाचा. हा आवाज गाईडबाईंनीच योजला असणार, अशा कौतुकाचे चेहरे पाहुण्यांनी केले. आवाज दारातून आत आला, माणूस आला नाही. खोलीत ओल्या गवताचा वास भरला. अप्पा बाकावर एका बाजूला सरकले आणि शेजारच्या मोकळ्या जागेकडे मान झुकवली.

"नाव?" त्यांनी विचारलं. "मांडायचं राहिलंय."

ज्यांना दाराची घंटा ऐकू येत नसे, ते अप्पा मान हलवत ऐकत होते. मग त्यांनी सेक्रेटरींना एक नाव सांगितलं, आडनावासकट. तिने ते कधीही ऐकलेलं नव्हतं. सेक्रेटरींनी ते उतरवून घेतलं आणि आपला हात का गारठला म्हणून बोटं चोळली.

"पुढे लिहा, नाबाद सात," अप्पा म्हणाले. "जुळली बेरीज."

आतल्या न्हाणीघरात शॉवर सुरू झाला. त्या न्हाणीघराचं पाणी नूतनीकरणासाठी कधीचं तोडलेलं होतं, हे तिला ठाऊक होतं आणि सेक्रेटरींनाही. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

अप्पा कोट सावरत उठले. "चला, चला सगळे बाहेर," ते पाहुण्यांवर खेकसले. "खेळाडू आंघोळीला गेला की ड्रेसिंग रूममध्ये थांबायचं नसतं. एवढी रीत नाही का कळत?"