आवाज वाढव गं

माझा बाप आईला मारायचा. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे स्पीकर आणि वायरींचं बोलायला लागले की तुम्हाला वाटायला नको, ही बाई गाण्यांची मोठी शौकीन दिसते. गाण्याचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं.

मारायचा म्हणजे कसं, तर मीठ कमी पडलं की थप्पड, जास्त पडलं की थप्पड, आणि बरोबर पडलं तर ‘आज कुठून अक्कल आली’ म्हणून थप्पड. कधी केस धरून डोकं भिंतीवर. एकदा तापलेलं उलथनं आईच्या दंडाला लावलं, तर कितीतरी दिवस ती उकाड्यात लांब बाह्यांचं पोलकं घालून नळावर जायची. हे सगळं सुरू करण्याआधी तो शर्ट काढून खुंटीला लावायचा आणि मला सांगायचा, “आवाज वाढव गं.” मी रेडिओ-टेपच्या टू-इन-वनचा आवाज वाढवायची. नाही वाढवला तर आईला दुप्पट बसायचा, हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं.

मरोळला, इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागे आमची चाळ होती. सगळी कोकणातली माणसं, गिरण्या बंद पडल्यावर मिळेल त्या कामाला लागलेली. चाळीची एक रीत होती. कुणाच्या घरात मारामारी सुरू झाली की शेजारचा रेडिओ वाढायचा, मग पलीकडचा, मग त्याच्या पलीकडचा. भांडण दिसलं की माणसं खिडकी लावतात ना, तसं आमच्याकडे बटण फिरवत. वरून बाहेरचे पाहुणे म्हणायचे, काय हो, तुमची चाळ किती हौशी!

तो टू-इन-वन बापानं एक दिवस आईला फेकून मारला. तिच्या खांद्याला लागला आणि फरशीवर पडून फुटला. आता आवाज कशाचा वाढवणार? त्याच सुमारास बाप फिटर होता ते टेप-स्पीकरचं युनिट डबघाईला आलं, आणि मालकानं बोनसच्या जागी माल वाटला. बापाच्या वाट्याला एक टेप डेक आणि लाकडी स्पीकरची जोडी आली. साधे स्पीकर नव्हते हां. अँप्लिफायर त्यांच्या पोटातच होता. मागे वीज घ्यायची वायर, एक स्विच आणि गाणं आत सोडायचं भोक, एवढंच. आवाज कमीजास्त करायचं बटणच नाही.

बापानं डेक सरळ त्याला जोडला आणि कॅसेट लावली. बाप रे! मांडणीवरची भांडी थडथडली, वरच्या माळ्यावरचं बाळ किंचाळून उठलं, चाळ कमिटीचा सेक्रेटरी बनियनवर धावत आला. बापाचे डोळे मात्र चकाकले. तो आईकडे बघून हसला.

दुसऱ्याच दिवशी त्यानं ती खोकी कपाटावर चढवली. तोंडं घराकडे नाही, गॅलरीकडे. मग मला म्हणाला, “तू त्या वायरींच्या कंपनीत जातेस ना? चल, आवाज कमीजास्त करायला काय लागतं ते स्वस्तात बघून दे.” मी तेव्हा इस्टेटमधल्या एका युनिटात सोल्डरिंग करायची. कुठल्या भोकात काय जातं एवढं कळायचं मला.

अंधेरीला स्टेशनबाहेर रेडिओचं एक दुकान होतं, तिथे गेलो. बापाची नजर पडली ती रिसीव्हरवर. चंदेरी रंग, आत दिवा लागणारा डायल, पंख्याच्या रेग्युलेटरएवढं जाड बटण. “हाच,” तो म्हणाला. मी म्हटलं, “बाबा, ह्याच्यात अँप्लिफायर आहे. आपल्या खोक्यांतही आहे. ह्याची स्पीकरची वायर त्यांच्यात घातलीत तर खोकी जळतील. आपल्याला नुसता आवाजाच्या बटणाचा प्रीअँप पुरे.”

“मुलगी बरोबर बोलते, साहेब,” दुकानदार म्हणाला. “टाकी वर भरलेली आहे. तुम्हाला फक्त नळ पाहिजे.”

परक्या माणसासमोर पोरगी बरोबर निघाली, झालं! फाडकन माझ्या मानेवर पडली. माझं कपाळ काउंटरच्या काचेवर आपटलं. “चार वायरी चिकटवल्या म्हणून मला शिकवते?” मी डोकं वर करून दुकानदाराकडे बघितलं. त्यानं मान फिरवली आणि मांडणीवर चालू असलेल्या रेडिओचा आवाज वाढवला. देवाशप्पथ! अंधेरीच्या भर बाजारातही तीच रीत. मला इतका संताप आला की डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी सुकलं.

दुकानदारानं प्रीअँप काढून दाखवले. एकाला नुसतं आवाजाचं बटण, एकाला बास-ट्रेबल. तिसरा पत्र्याचा, ओबडधोबड, पूजेबिजेला भाड्यानं देतात तसल्यातला, आणि सगळ्यांत स्वस्त. त्याला दोन बटणं होती. एक टेपचं, एक माइकचं. खाली माइकचं भोक, शेजारी लाल दिवा. ते भोक बघितलं आणि माझ्या मनात काय आलं ते मी तेव्हा कुणाला बोलले नाही.

“हा घ्या, बाबा,” मी एकदम गोड आवाजात म्हटलं. “सत्यनारायणाला सेक्रेटरी दरवर्षी माइक हातातून सोडत नाही. ह्या वर्षी मशीन आपलं. अनाउन्सिंग तुम्ही करायचं.”

बापाला ह्या गोष्टीची भारी खाज. कमिटीत त्याला कोणी हिंग लावून विचारत नसे. रिसीव्हरकडे त्यानं एकदा वळून बघितलं, आणि प्रीअँप बांधून घेतला. वर एक माइकही.

चाळीच्या पूजेला त्यानं खरंच अनाउन्सिंग केलं. “हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग,” असं इस्त्रीचा शर्ट घालून. “तीर्थप्रसादाचा लाभ घ्यावा. माताभगिनींनी शांतता राखावी.” माताभगिनी! मागे बसलेल्या आईचा ओठ तेव्हा फुटलेला होता. ती पदर तोंडाशी धरून शिऱ्याचे द्रोण वाटत होती. पूजा झाल्यावर माइक घरी आला. मीच तो रुमालात गुंडाळून खिळ्याला अडकवला. वायर भोकातच राहू दिली.

मग आठवड्याभरातली गोष्ट. दिवेलागणीची वेळ होती. आईनं बोंबील तळले होते आणि दोन तुकडे करपले. बापानं ताट उडवलं. आमटी आईच्या छातीवर सांडली, ती भाजलं म्हणून ओरडली. तो उठला, शर्ट काढला, खुंटीला लावला. “आवाज वाढव गं.”

मी मशीनपाशी गेले. गाणं लागलं होतं, ते हळूच पार खाली आणलं. माइक खिळ्यावरून काढून त्याचा रुमाल सोडला. आणि माइकचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

“भवाने, फुकटचं गिळतेस आणि मासे जाळतेस?” हे तो घरात बोलला आणि गॅलरीत, जिन्यात, खालच्या नळापर्यंत ऐकू गेलं. मग थप्पड. ती तर बार काढल्यासारखी वाजली. मग आई, “अहो नको, डोळ्याला लागलं, अहो डोळा…” तेही. बापाला आधी समजलंच नाही. खोक्यांची तोंडं त्यानंच बाहेर वळवलेली ना! त्याला वाटलं बाहेर कोणीतरी चाळे करतंय. आईचे केस मुठीत तसेच धरून तो ओरडला, “कोण आहे रे बाहेर?”

आणि खोक्यांनी अख्ख्या चाळीला विचारलं, कोण आहे रे बाहेर.

शेजारचा रेडिओ बंद झाला. मग पलीकडचा. मग त्याच्या पलीकडचा. इतकी शांत चाळ मी जन्मात पाहिली नव्हती. बापानं आईला सोडलं आणि माझ्या हातातला माइक बघितला. “तुझा मुडदा बसवला!” म्हणत त्यानं पाटा-वरवंट्यातला वरवंटा उचलला. तेही बाहेर ऐकू गेलं. मी हलले नाही. मला मरायची भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू, पण बटणावरचा हात काही सुटेना.

तेवढ्यात शेजारची काकी दार ढकलून आत आली. हात मासे साफ करून बरबटलेले. तिनं दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. “टाक तो! टाक आधी खाली!” तिच्यामागे दारात बायका होत्या, त्यांच्यामागे सेक्रेटरी. बाप फणफणला, “आमच्या घरातलं आहे, तुम्हाला काय करायचंय?”

“घरातला?” काकी म्हणाली. “मेल्या, अख्ख्या चाळीक आयकाक येता हां!”

तेव्हा माझंच टाळकं सरकलं. “आज येतंय होय?” मी काकीवर ओरडले. “इतकी वर्षं येत नव्हतं? भिंतीला भिंत आहे ना तुमची?”

काकीनं मनगट सोडलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. “आयकलंय गो,” ती हळू म्हणाली. “सगळा आयकलंय. रोज.”

ती हळू बोलली, पण माइक चालूच होता. दारातल्या बायकांनी माना खाली घातल्या. बापाच्या हातातला वरवंटा फरशीवर पडला आणि फरशीला तडा गेला.

त्यानंतर बाप सुधारला, असलं काही मी सांगणार नाही. तोंडाचा पट्टा चालूच राहिला. आईचा डावा डोळा अधू झाला तो झालाच. हात मात्र त्यानं एकदाच उचलला. मी कोपऱ्यात डबा भरत होते, मशीनपासून लांब. मी धावणार तोच आई उठली. तिनं शांतपणे पदर खोचला, कपाटापाशी गेली आणि मशीन चालू केलं. लाल दिवा लागला. माइक हातात धरून ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“हं,” ती म्हणाली. “मारा.”