दोन दिवस चूल बंद

आमच्या फाटकावर पाटी आहे, ‘चुलीवरचे जेवण मिळेल’. पाटीवर चूल रंगवलीय, चुलीवर तवा आणि तव्यावर टम्म फुगलेली भाकरी. भाकरी थापणारी बाई तेवढी रंगवायची राहिली. रंगाऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं काढलीही असती, पण नवरा म्हणाला, बाई कशाला, जागा कुठंय.

घर कशेळ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. शनिवार-रविवार मुंबई-ठाण्याकडची माणसं राहायला येतात. पुढच्या खोल्या आणि ओटी त्यांची, मागची पडवी आमची. मी पहाटेपासून चुलीपुढे. पाहुणे आत डोकावतात, फोटो काढतात, म्हणतात, “वहिनी, धुराचा काय छान वास येतो हो.” मी म्हणते, या ना, बसा जरा इथं. कुणी बसत नाही.

ही माणसं येण्याआधी फोन करून सगळं विचारतात, आणि इतकी वर्षं त्यांचे प्रवास ऐकून ऐकून मी त्यातली पंडित झालेय. मी सांगते, उजाडायच्या आत घर सोडा. सीएनजी आदल्या दिवशी भरून ठेवा. मुलांना ओकारी होत असेल तर पिशव्या हाताशी ठेवा, डिकीत नको. दहीभाताचा डबा वर असू द्या. आणि जोडून सुट्ट्या आल्या की घाटाच्या वाटेला जाऊच नका, कितीही हौस असली तरी. लोक ऐकतात, वेळेवर पोचतात आणि मला दुवा देतात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते उगाच नाही म्हणत.

गेल्या थंडीत मी जेवताना सांगून टाकलं, “मला सुट्टी पायजे. दोन दिवस मी काडी पेटवणार नाय. चहाला पण नाय.” नवरा हसला. मग त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि भाताकडं वळला. सासूबाईंना कृष्णामाईचं देऊळ बघायचं होतं, लेकीला स्ट्रॉबेरी खायची होती, म्हणून महाबळेश्वर ठरलं. मला महाबळेश्वरचं काही नव्हतं. मला पनवेल पण चाललं असतं. कुणीतरी माझ्यापुढे भरलेलं ताट आणून ठेवावं आणि ते घासायला मला उठवू नये, एवढंच मला हवं होतं. लग्न झाल्यापासून तसं घडलं नव्हतं. बाळंतपणात आईनं केलं होतं, ते सोडून.

निघायच्या आदल्या आठवड्यात नवऱ्यानं आमचंच घर भाड्यानं दिलं.

आमच्या भागात जोडसुट्टीला घर रिकामं ठेवणं म्हणजे लग्नसराईत बँडवाल्यानं घरी झोपून राहण्यासारखं. ठाण्याची कुठलीशी मंडळी होती, पहिल्यांदाच येणारी. आम्ही नसलो तरी चालेल म्हणाली, आमचं आम्ही करून खाऊ, फक्त स्वयंपाकघर उघडं ठेवा. मी म्हटलं, “अवो, आपण जाणार आन घरात परकी माणसं?” तो म्हणाला, “घर काय पळून चाललंय व्हय? आपून नसताना पण आपलं घर काम करतंय, बघ की.” त्याला हे फार हुशारीचं वाटलं.

दुसरं भांडण शेगडीवरून झालं. सासूबाईंनी छोटी गॅसची शेगडी, तांदूळ, पिठाचा डबा, मिसळणाचा डबा असं सगळं गाडीत नेऊन ठेवलं. म्हणाल्या, “मला भायेरचं पचत नाय गं. तू दोन भाकऱ्या टाकल्यास की झालं.” दोन भाकऱ्या! त्या देवाला नमस्कार करायला गेल्या तेव्हा शेगडी उचलली आणि पडवीत भाताच्या कणगीमागे सारून दिली.

पाहुण्यांच्या हातात किल्ली देऊन निघायचं होतं, आणि पाहुणे ट्राफिकमध्ये अडकलेले. आम्ही नवे कपडे घालून ओटीवर त्यांची वाट बघत बसलो. उन्हं चांगली वर आली तेव्हा ते आले. उजाडायच्या आत निघणं तिथंच संपलं. सीएनजी भरायचा राहिला होता, कारण आदल्या संध्याकाळी नवरा हीच गाडी घेऊन आधीच्या पाहुण्यांना स्टेशनवर सोडत होता. मग चौकजवळच्या पंपावर रांग. रांगेतून सुटलो तर जुन्या हायवेवर त्याहून मोठी रांग.

आमच्या गाडीत सासूबाई पुढे, कारण त्यांचे गुडघे. मागे मी, लेक आणि सगळ्यांच्या बॅगा. पुढे ट्रक, मागे ट्रक. गाडी हातभर सरकायची आणि थांबायची. माझ्या बाजूचं दार बॅगांनी बंद झालेलं, पाय दुमडलेले, मांडीवर लेकीचं डोकं. काच सरकवली तर धूर, लावली तर जीव गुदमरतोय. समोरून कर्जतकडं जाणाऱ्या गाड्याही तशाच खोळंबलेल्या. त्यातल्या एका बाईनं काच खाली करून मला विचारलं, “कर्जतला चुलीवरचं जेवण चांगलं कुठे मिळतं हो?” मी काच लावून टाकली. तेवढ्यात लेकीला ओकारी आली. पिशव्या डिकीत होत्या.

खालापूर सोडलं आणि पुढच्या चढावर जळका वास आला. नवरा म्हणाला, ट्रकचा असेल. ट्रकचा नव्हता. क्लच बसला. मागच्या सगळ्यांनी हॉर्न वाजवून आमचा सत्कार केला. दोघातिघांनी ढकलून गाडी कडेला लावली. शेवटी एका ओळखीच्या टेंपोला दोर बांधून आम्ही उलटे चौकला आलो. घाट सोडा, घाटाचा पायथाही आम्ही बघितला नाही.

गॅरेजवाला गाडीखालून बाहेर येऊन म्हणाला, “प्लेट पनवेलवरनं येल. आज दुकानं बंद हायती. उद्या बघू.” आम्ही जुन्या टायरवर बसलो. पुढे हायवे, मागे कंपाउंडची भिंत, मधे आम्ही. सासूबाई म्हणाल्या, “शेगडी काढ, निदान भात तरी लाव.” मी सांगितलं, शेगडी घरी राहिली. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं, हे मला कळलं.

मग नवरा बाजूच्या ढाब्यावर गेला. गर्दीत बराच वेळ उभा राहून तो परत आला, तेव्हा हातात वड्याच्या प्लेटा होत्या. पहिली त्यानं माझ्या हातात दिली. आईच्या आधी, लेकीच्या आधी. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. वडा गार होता, चटणीत नुसतं तिखट, कानाशी ट्रक ओरडत होते, आणि तरी मी तो हळूहळू खाल्ला. प्लेट कागदाची होती, घासायचा प्रश्नच नव्हता. सकाळपासून मी काडी पेटवली नव्हती. महाबळेश्वर गेलं तर गेलं, म्हटलं, हे तर माझ्याकडं आहे.

दुपार कलली तसा मुक्कामाचा विचार आला. नणंद मोहोपाड्याला कंपनीच्या कॉलनीत राहते, तिला फोन केला. ती सासरच्या गावी निघून गेलेली, क्वार्टरला कुलूप. लॉज विचारले, सगळे भरलेले. अख्खी मुंबई आमच्या तालुक्यात झोपायला आली होती आणि आम्हाला पाठ टेकायला जागा नव्हती. सासूबाई म्हणाल्या, “घरी चला.”

“आई, घर दिलंय.”

“पडवी तर दिली नाय ना?”

नवरा सामान राखायला गाडीतच थांबला. आम्ही तिघी शेअर जीपनं कर्जतला आणि तिथून कशेळ्याकडच्या जीपनं गावात आलो. जीपमध्ये सासूबाईंना चढवताना त्यांचा गुडघा इतका दुखला की त्या पुढे सगळ्या वाटेत ‘आई गं’ एवढंच म्हणत होत्या. फाटकातून गेलो तर पाहुणे दिसतील, उगाच त्यांना अवघडल्यासारखं होईल, म्हणून शेतातल्या बांधावरून मागच्या अंगणात शिरलो. आमच्याच अंगणात चोरासारख्या. कुत्रं भुंकलं, मग ओळख पटल्यावर गप्प झालं. सासूबाई पडवीत पोत्यावर बसल्या, लेक त्यांच्या मांडीवर कलंडली. दिवेलागण झाली होती.

पुढच्या अंगणात पाहुण्यांनी शेकोटी केली होती. पत्ते चालले होते, हसण्याचा आवाज येत होता. मला त्यांचा राग आला. माझ्या ओटीवर बसून माझी सुट्टी हे लोक घेतायत, असंच वाटलं.

स्वयंपाकघराची खिडकी पडवीकडं उघडते. आत दिवा होता. मी बघितलं तर माझ्याच वयाची एक बाई, केस वर बांधलेले, गालाला पीठ लागलेलं, माझ्या ओट्याशी उभी. एका शेगडीवर कुकर, दुसरीवर आमटी. परातीत कणीक. ती आमटीचं पातेलं ओढणीनं उतरवायला बघत होती आणि चटका बसून हात झटकत होती.

“सांडशी दाराच्या मागं खिळ्याला आहे,” मी म्हटलं.

ती दचकली. मी कोण ते सांगितलं. “तुम्ही महाबळेश्वरला गेला होतात ना?” तिनं विचारलं.

“गाडी बसली चौकला. तुम्ही नाही बाहेर बसलात?”

“ह्यांच्या आईंना बाहेरचं चालत नाही,” ती सांडशी घेत म्हणाली. “म्हणून तर स्वयंपाकघर असलेलं घर शोधलं. ठाण्याहून निघाल्यापासून मी पाठ टेकलेली नाही.”

मगाचा राग कुठे ठेवावा ते कळेना. मागे सासूबाई ‘आई गं’ म्हणत गुडघा चोळत होत्या.

तेवढ्यात ओटीवरून एका पुरुषाचा आवाज आला, “चहा झाला का गं?”

“आणते,” आम्ही दोघी एकदम म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीच्या बाहेर, ती आत, मधे गज. तो माझा नवरा नव्हता, ते आज माझे पाहुणे नव्हते, मी तर सुट्टीवर होते. तरी माझ्या तोंडून ते गेलं होतं. ती हसायला लागली. मला हसू आलं नाही, रडू आलं, तेही थोडंच.

मी वळसा घालून आत गेले. चहाचा डबा कुठं आहे ते तिला सापडत नव्हतं, तो काढून दिला. काडी तिनंच पेटवली. मी आलं ठेचायला घेतलं.