धोंडीबाईची उठवणी

देवरामला स्वतःच्या घरात शिरायची भीती वाटायची. भीती बायकोची नव्हती. तिचं नाव लहानी; आवाजाने बारीक, स्वभावाने गरीब, भांडायला कधी पदर खोचणारी नव्हे. भीती होती ती घराची. सकाळी सोडून गेलेलं घर संध्याकाळी तसंच भेटेल, याची खात्री उरली नव्हती.

किन्हवलीच्या पुढे मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचा पाडा. देवराम वाशिंदच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. दिवसभर मशीनचा आवाज ऐकून, मोटारसायकलवर हाडं खिळखिळी करून घरी यायचं, आणि दार ढकललं की काहीतरी व्हायचंच. एकदा दार ढकललं तर मागे गोठ्यात घंटा घणघणली, म्हैस उधळली आणि दाव्यासकट शेजारणीच्या वांग्यांत जाऊन उभी राहिली. लहानीचं म्हणणं एवढंच, की आपण परसात असलो तर घरात कोण आलं ते कळायला नको का? दुसऱ्या एका दिवशी तो मोरीत हात धुवायला गेला आणि तिथल्या नव्या फळीवर त्याचा पाय पडला. वरच्या डब्यातलं सगळं पाणी त्याच्या डोक्यावर आलं.

"अवो, फळी दाबायची मागं उभं राहून," लहानी पदराने त्याचं डोकं पुसत म्हणाली. "हात चिखलाचं असलं तर नळाला लावायला नको, म्हणून केलाय."

"मग तसा लिहून ठेव ना भिंतीवर!"

"लिहिनार होती. खडू नाय घावला."

भंगारवाला सगळ्यांच्या घरून भंगार घेऊन जायचा. लहानीच्या घरी मात्र देऊन जायचा. मोडका पंखा, स्कूटरच्या क्लचची वायर, सायकलच्या ट्यूबा, कशाकडेही बघून तिचे डोळे बारीक झाले की देवराम दोन पावलं मागे सरायचा. दूध उतू जाऊ नये म्हणून तिने पातेल्याच्या झाकणाला जुन्या कुकरची शिट्टी बसवली. दूध काही उतू गेलं नाही. पण शेजारची मैना आपल्या कुकरच्या शिट्ट्या मोजताना चुकायला लागली आणि तिच्या घरी आठवडाभर डाळ कच्ची राहिली. दोरी ओढली की वाळत घातलेले सगळे कपडे सरसर पडवीत येतात, अशी एक वलण तिने बांधली होती. ती मात्र पाड्यातल्या घराघरांत गेली. ती कुणाच्या डोक्यातून निघाली हे कुणी बोललं नाही, आणि लहानीनेही कधी विचारलं नाही.

या सगळ्याला उघड विरोध होता तो देवरामच्या आईचा. धोंडीबाई अंगाने भक्कम, आवाजाने त्याहून भक्कम. फक्त गुडघ्यांनी दगा दिलेला. ती पडवीत बसून राहायची आणि सुनेच्या हातात पाना-पक्कड दिसली की सुरू व्हायची. "माज्या सासूनं हातांनी केला, मी हातांनी केला. हिला देवानं हात नाय दिलं का?"

त्याच सासूसाठी लहानीने भाताची कापणी उरकल्यावर ती खुर्ची बनवली.

खुर्ची म्हणजे लाकडी बैठक, पुढच्या कडेला बिजागऱ्या मारलेली. मागच्या कडेला बांधलेला दोर वर जाऊन आढ्याला टांगलेल्या कप्पीवरून फिरायचा, आणि दुसऱ्या टोकाला गोणपाटाची पिशवी, आत नदीतले धोंडे. हाताशी दोर अडवून धरणारी एक लाकडी खुंटी. ती ओढली की पिशवी खाली, बैठकीची मागची बाजू वर, आणि बसलेलं माणूस आपसूक उभं. धोंडीबाईच्या मापाने पिशवीत चांगले दणदणीत धोंडे भरले होते. लहानीने खुर्चीचं नाव ठेवलं उठवणी.

"मला फाशी देतंय ही," धोंडीबाई वरच्या दोराकडे बघून म्हणाली. तरी बसली. डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन खुंटी ओढली. बैठक कुरकुरली, हळूहळू उचलली, आणि धोंडीबाई पडवीत उभी राहिली. क्षणभर तिने इकडेतिकडे बघितलं, जणू कुणी धरलंय का ते शोधत होती. मग म्हणाली, "आवाज लय करते." आणि संडासला निघून गेली.

देवरामला मात्र ती खुर्ची बघवेना. घरात आल्या-आल्या गोणपाट लोंबतंय, दोर ताणलेत. लोक काय म्हणतील? स्वतः बोलायची हिंमत नव्हती म्हणून त्याने मामाला फोन केला.

नवसूमामा म्हणजे धोंडीबाईचा धाकटा भाऊ. रेल्वेत नोकरी केलेला, कसाऱ्याला राहणारा, भावकीतले तंटे सोडवण्यात पटाईत आणि अंगाने इतका सडसडीत, की सदरा खांद्यावर नसून खुंटीवर असल्यासारखा दिसायचा. कुणाला समजवायचं असलं की मामा इस्त्रीची टोपी घालून यायचा. त्या रविवारी टोपी घालूनच आला. पडवीत गोधडी घातलेली, हात टेकायला जागा असलेली एकच बैठक त्याला दिसली. तो तिच्यावर बसला. लहानी चहाला आत गेलेली, धोंडीबाई खाली सतरंजीवर, आणि देवराम मामाच्या तोंडाकडे बघत उभा. पिशवीतले धोंडे कुणाच्याच ध्यानात आले नाहीत.

"लहाने, बाहेर ये गो," मामाने सुरुवात केली. लहानी चहाचा कप घेऊन दारात आली. "घर कसा पायजे? घर पायजे थीर! ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी. बसलेला मानूस बसल्या जागी—"

जोर द्यायला म्हणून मामाने हाताशी आलेली खुंटी धरली आणि ओढली.

धोंडीबाईला हळूच उठवणारं वजन मामाला कसलं हळू उठवतंय? पिशवी दाणकन खाली आदळली आणि मामा पडवीची पायरी न उतरता थेट अंगणात गेला. नशिबाने अंगणात गिरणीवरून आणलेल्या तुसाचा ढीग होता. मामा त्यात शिरला. बाहेर राहिले फक्त पाय. टोपी मागाहून सावकाश तरंगत आली आणि ढिगावर बसली.

देवराम धावला, लहानी धावली. दोघांनी मामाला ओढून काढलं. नाकातोंडात, कानात तूस. पण खरचटलंसुद्धा नव्हतं. मामा शिंकत होता. लहानी त्याची पाठ झटकत होती आणि तिचे डोळे बारीक झाले होते.

"मामा," ती काळजीने म्हणाली, "तुमचा वजन किती हाये?"

"मला मारायला बोलावलाव!" मामा गरजला. "चा नको नि पानी नको!"

पडवीत धोंडीबाई हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढून हसत होती. "अगो बाई, नवसू उडला! लहानपनी पतंगामागं असाच पळं!" बहिणीचं हसू ऐकून मामा आणखी भडकला आणि टोपी न झटकताच घालून चालता झाला.

त्या संध्याकाळी देवरामने उठवणी सोडली. दोर गुंडाळला, कप्पी काढली, धोंडे नेऊन बांधाला टाकले. लहानी दारात उभी राहून बघत होती. तिने ओरडावं, भांडावं असं त्याला वाटत होतं. तिच्या गप्प बसण्याने त्याला धोंडे जास्तच जड लागले.

"बरा केलास," आई म्हणाली, आणि भिंतीला टेकून सतरंजीवर बसली.

दुसऱ्या दिवसापासून देवरामला रात्रपाळी होती, म्हणजे दिवसा तो घरी. लहानी सकाळीच वालाच्या वावरात गेलेली. तो जरा आडवा झाला तोच हाक आली. "देवराम, उठव रे." त्याने आईच्या काखेत हात घालून उठवलं. ती परसात जाऊन आली, बसली. डोळा लागतो न लागतो तोच, "देवराम, ऊन आला रे माज्यावर." उठवलं, सावलीत बसवलं. मग मिश्री राहिली आत. मग मैना आली, तिला कोपऱ्यातलं मडकं दाखवायचं होतं. मग मैना गेली, तिला फाटकापर्यंत पोचवायचं होतं. दुपारपर्यंत देवरामची कंबर धरली. आठवडा संपता संपता तो स्वतःच भिंत धरून उठायला लागला.

आठवडी सुट्टीच्या संध्याकाळी लहानी वावरातून आली तेव्हा तो पाठीला बाम चोळत बसला होता.

"आई मुद्दाम करतंय का गो?" त्याने हळूच विचारलं.

"नाय वो," लहानी भाकरीचं पीठ घेता घेता म्हणाली. "रोजचाच हाये त्यांचा."

"मग उठवनीच्या आदी कोन उठवायचा?"

लहानीने मान वर केली नाही. "कोन म्हंजे?"

बामाची डबी बंद करून देवराम पडवीत गेला, रिकाम्या आढ्याकडे बघितलं. मग बॅटरी घेऊन बांधावर गेला आणि धोंडे शोधायला लागला. काही सापडले, काही ओळखू येईनात. तो एक-एक उचलून घरी आणत होता आणि पडवीतून आई सांगत होती, "तो नाय रे, माजा तो काळा होता."

उठवणी पुन्हा टांगली गेली, आणि धोंडीबाईने लगेच नवी मागणी काढली. तिला म्हसा गावच्या जत्रेला जायचं होतं. मागं एकदा ती गेली होती तेव्हा बैलबाजारात खाली बसली आणि उठताच येईना. चार गडी लागले उचलायला; लोक बसकण मारलेल्या म्हशीभोवती जमावेत तसे जमले. त्यानंतर तिने जत्रेचं नाव काढलं नव्हतं.

"उठवनी आली तर मी येन," ती म्हणाली.

"आढा कुटना आनू तितं?" देवराम वैतागला.

पण दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच बेटातले जून बांबू तोडले. दोन बाजूंनी तीन-तीन बांबूंची तिकाटी, वर आडवा बांबू, त्याला कप्पी. लहानी गाठी कशा मारायच्या ते सांगत होती आणि तो मारत होता. टेंपोतून सगळं म्हशाला नेलं, बाजाराच्या कडेला एका करंजाखाली उभं केलं. धोंडीबाई नवं लुगडं नेसून बसली. गोडीशेव खाल्ली, बैलांना नावं ठेवली, आणि पोट भरल्यावर खुंटी ओढून थाटात उभी राहिली.

बैल बघणारे लोक वळले. "आजी, परत बसा नि परत उठा." धोंडीबाईने पुन्हा करून दाखवलं. मग एक म्हातारा म्हणाला, मला बसू द्या. त्याच्यामागे दुसरा. बघता बघता रांग लागली. मामाचा अनुभव गाठीशी असल्यामुळे लहानी प्रत्येकाला आधी विचारू लागली, "वजन किती?"

इथे घोडं अडलं. पुरुषांना वजन माहीत नव्हतं आणि बायका सांगत नव्हत्या. "मी हलकीच हाये," असं म्हणत एक बाई बसली. धोंडे कमी पडले आणि ती खुंटी ओढून तशीच बसून राहिली. शेवटी नथू नावाचा एक बैलांचा दलाल पुढे आला. नजरेने जनावर तोलण्यात आयुष्य गेलेलं. तो माणसाकडे आपादमस्तक बघायचा आणि ठोकून सांगायचा, "हिला आनखी दोन धोंडं." अंदाज अचूक, पण सवयीने त्याने एका आजीबाईंचे दात बघायला मागितले, तेव्हा त्यांनी काठी उगारली. मग नथूने नुसतं देवरामच्या कानात सांगायचं आणि देवरामने मुकाट्याने धोंडे टाकायचे असं ठरलं. कारखान्यात घाम गाळला नसेल इतका देवरामने त्या करंजाखाली गाळला. मध्येच तो रांगेकडे बघून ओरडला, "हळू, हळू! माज्या बायकोनं केलीय, मोडू नका!" लहानीने पदर तोंडाला लावला.

रांगेच्या शेवटी एक इस्त्रीची टोपी होती. मामा जवळ आला, इकडेतिकडे बघितलं, घसा खाकरला.

"मामीचं गुडघं दुखतात," तो म्हणाला. "तिच्यासाठी बघतूय."

"बसा ना मामा," लहानी म्हणाली. तिने पिशवीतले जवळजवळ सगळे धोंडे काढून टाकले. मामाने दोन्ही हातांनी बैठक घट्ट धरली, बहिणीला दरडावलं, "हसू नको," आणि खुंटी ओढली. अगदी अलगद उठला. परत बसला आणि परत उठला. "मामीला बरी पडंल," तो म्हणाला.

त्या जत्रेनंतर लहानीला खूप बोलावणी आली. सरळगाव, टोकावडे, पार शहापूरपर्यंत. सुट्टीच्या दिवशी देवराम बांबू आणि दोर मोटारसायकलला बांधायचा, मागे लहानी बसायची, आणि कुणाच्या तरी आजीच्या पडवीत दोघं आढ्याला कप्पी टांगत असायची.

धोंडीबाईचं मात्र वेगळंच झालं. कुणाची वाट न बघता उठता येतंय म्हटल्यावर ती बसेनाशी झाली. आता देवराम पाळीवरून येतो तेव्हा आई घरी नसते. काठी टेकत ती सगळा पाडा पालथा घालते, कुणाच्या घरी काय शिजलं, कोणाची सून कोणाशी बोलत नाही, सगळं घेऊन येते. परवा अंधार पडायला आला तरी पत्ता नाही म्हणून देवराम शोधायला निघाला. चार घरं हिंडून मैनाच्या ओटीवर सापडली. हातात बशी, समोर पाच बायका.

"आई, चल ना घरी. केवढा टाइम झाला!"

"तू जा फुडं," धोंडीबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "माजी गोष्ट अर्दी हाये."