आधी शेजारचं दार

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. जिकडे तिकडे रस्ते खोदलेले, आणि आपली विदर्भातली माणसं गुढियारीपासून बिरगाव, अभनपूरपर्यंत पांगलेली. कुणाकडे मयत झाली की खबर घरोघर पोचवायचं काम आमच्या गल्लीतल्या एका काकांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. रेल्वेतली नोकरी सांभाळून, जुन्या मोटारसायकलवर. कोणी म्हटलं, फोन करून टाका ना, तर चिडायचे. "फोनवर ऐकून बाई पडली तर तिले धरन कोण?"

त्यांची रीत ठरलेली. आधी शेजारचं दार वाजवायचं, तिथल्या बाईला सोबत घ्यायचं आणि मग त्या घरी जायचं. बातमी सांगताना कुणीतरी जवळ उभं पाहिजे. एवढा जीव लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, खरं सांगते.

त्या वर्षी बाबांचं पोटाचं ऑपरेशन होतं. काका दवाखान्यातच बसून होते. दुपारी आईला खिडकीतून त्यांची गाडी दिसली. आमच्याकडे न येता ते शेजारच्या भैयांचं दार वाजवून राहिले होते. भैया शर्टाची बटणं लावत बाहेर आले, मागून त्यांची बायको, आमची दीदी, आली. दोघांना घेऊन काका आमच्या फाटकाकडे वळले.

आईनं त्यांना बोलूच दिलं नाही. दोन्ही हात चौकटीवर आपटले. बांगड्या फुटल्या, मनगटातून रक्त आलं. कपाळ पुसत ती अशी ओरडली की बापरे!

"वहिनी, जिते आहेत! भाऊ जिते आहेत!" काका सांगून सांगून थकले. बाबांना रक्त पाहिजे होतं आणि भैयांचा गट जुळत होता, म्हणून आधी ते दार. दीदी "हव, जियत हें" म्हणत आईला धरून बसली.

बाबा बरे होऊन घरी आले. पण नवरा जिवंत असताना बांगड्या फोडल्या, हे आईच्या मनातून जाईना. त्यात पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका काय कमी? जी येई ती अपशकुन, अपशकुन करी. काका बाबांना भेटायला आले, तर आईनं दारातच सुनावलं, "भाऊजी, तुम्ही आता कोणाच्याच दारी खबर घेऊन जाऊ नका. गाडीचा आवाज आला का छातीत धस्स होते." काका "बरं वहिनी" म्हणाले आणि खरंच जाणं सोडलं.

हिवाळ्यात गल्लीतली एक म्हातारी गेली. तिची मुलगी अभनपूरला. कुणीतरी तिला फोन केला. घरात ती एकटीच होती. नवरा कामावरून आला, तेव्हा ती फोनपाशी पडलेली, डोक्याला खोक. इकडे तिची वाट पाहून पाहून लोकांनी दिवस मावळायच्या आत म्हातारीला नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधून ती आली, ती सरळ काकांपुढे. "काका, साऱ्या जगाकडे गेले तुम्ही. माह्याकडे काहून नाही आले?"

आई तिथेच होती, मीही. काकांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ताप होता बाई मले," म्हणाले.

मग ती त्यांना नाही नाही ते बोलली. मायचं तोंड पाहू दिलं नाही म्हणाली. काका मान खाली घालून ऐकत राहिले. मी आईकडे पाहत होते, आता बोलेल, आता बोलेल. आई बोलली नाही.